शिफारसपत्र : दाखला नव्हे, साक्ष

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी विषय सुचवा, असे मी कार्यवाहबाईंना म्हटले, तेव्हा त्यांनी सांगितले की, आपल्या मंडळात शिक्षिका पुष्कळ आहेत आणि परदेशी शिकावयास जाऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या आया व आज्याही पुष्कळ आहेत. दोघींच्या उपयोगी पडेल असे काही बोला. कनिष्ठ महाविद्यालयात माझी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकविण्यात गेली. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी शिक्षकाचे शिफारसपत्र हवे म्हणून दाराशी येणाऱ्या मुलींची संख्या या काळात वाढत गेलेली मी पाहिली. तेव्हा आजचा विषय तोच. विषय थोडा रुक्ष आहे. परंतु मुलीने बारा वर्षे केलेल्या अभ्यासाला न्याय मिळतो की नाही, हे पुष्कळदा त्या एका पानावर ठरते. म्हणून तो आपण समजून घेतलेला बरा.

आपल्या राज्यात अभियांत्रिकीला सीईटी, वैद्यकीला नीट, आयआयटीला जेईई. गुण आले, यादी लागली, प्रवेश झाला. त्यात शिक्षकाच्या मताला जागा नाही, आणि एका अर्थी ते बरेही आहे. वशिल्याला वाव कमी राहतो. मात्र त्याचा परिणाम असा झाला आहे, की आम्हा शिक्षकांचा हात एकाच प्रकारच्या कागदावर बसला आहे. तो कागद म्हणजे वर्तणुकीचा दाखला. ‘सदर विद्यार्थिनी अमुक वर्षी या संस्थेत शिकत होती, तिची वर्तणूक चांगली होती, तिच्या भावी आयुष्यास शुभेच्छा.’ खाली सही, शिक्का. हा दाखला आपल्या जागी योग्यच आहे. पण परदेशी विद्यापीठ शिक्षकाकडून जे मागते ते हे नव्हे. ते मागते साक्ष. न्यायालयात साक्षीदाराला ‘हा मनुष्य चांगला आहे काय’ एवढेच विचारून सोडीत नाहीत. तुम्ही काय पाहिले, केव्हा पाहिले, कोठे उभे राहून पाहिले, असे विचारतात. शिफारसपत्राचेही तसेच आहे. एवढी एक गोष्ट आपण ध्यानात धरली, तर बाकीचे आपोआप सुचत जाते.

प्रथम त्या त्या ठिकाणची रीत पाहू. ब्रिटनमध्ये पदवीचे बहुतेक अर्ज ‘युकास’ नावाच्या एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. मुलीला पाच पर्याय भरता येतात आणि त्या पाचांनाही शिफारसपत्र एकच जाते. पूर्वी हे पत्र सलग लिहावे लागे. २०२४ सालच्या प्रवेशांपासून त्याचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात शाळेची वा महाविद्यालयाची माहिती, दुसऱ्यात मुलीच्या अभ्यासावर परिणाम करणारी काही विशेष परिस्थिती असल्यास ती, आणि तिसऱ्यात मुलीविषयी शिक्षकाला सांगावेसे वाटणारे इतर काही. परीक्षा व्हावयाची असेल, तर शिक्षकाने अपेक्षित गुणही कळवावयाचे असतात.

अमेरिकेत पुष्कळ महाविद्यालये ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ या सामाईक अर्जावर प्रवेश देतात. तेथे शिक्षकाच्या पत्राबरोबर एक तक्ता असतो. बुद्धीची चुणूक, लेखन, स्वतंत्र विचार, अडचणीला तोंड देण्याची रीत अशा बाबतींत ही मुलगी तिच्या वर्गातील इतरांच्या तुलनेने कोठे बसते, हे त्यात खुणेने दाखवावयाचे. एमआयटीसारखी संस्था दोन शिक्षकांची पत्रे मागते : एक गणित किंवा विज्ञानाच्या, आणि दुसरे भाषा वा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचे. म्हणजे मुलीकडे दोन निरनिराळ्या खिडक्यांतून पाहिलेले त्यांना हवे असते.

आता आपण लिहितो काय ते पाहा. ‘ही विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू, नम्र, आज्ञाधारक व मनमिळाऊ आहे.’ भगिनींनो, हे वाक्य आपण सर्वांनी आणखी एका कागदावर वाचलेले आहे. मुलीच्या लग्नासाठी स्थळांकडे जी माहिती पाठवितात, तीत ‘गृहकृत्यदक्ष’ एवढा एक शब्द जास्त असतो, इतकाच फरक! प्रवेश देणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर अशी शेकडो पत्रे पडलेली असतात आणि त्या प्रत्येकातील मुलगी हुशार व कष्टाळूच असते. विशेषणे खोटी नसतात. पण ती कोणालाही लावता येतात, म्हणून कोणाचीच ओळख पटवीत नाहीत.

त्याऐवजी काय लिहावे? एक उदाहरण घेऊ. समजा, अकरावीच्या वर्गात लंबकाचा प्रयोग चालू आहे. गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ च्या आसपास यावयास हवे, हे पुस्तकात छापलेलेच असते. म्हणून पुष्कळ मुले शेजारच्या वहीत डोकावून आकडे जुळवून आणतात. एका मुलीचे उत्तर येते ९.६. ती खाडाखोड करीत नाही. पुन्हा वीस आंदोलने मोजते; पुन्हा ९.६ च. तास संपल्यावरही ती थांबते, आणि मग तिच्या लक्षात येते, की दोऱ्याची लांबी आपण गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली, ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयास हवी होती. पहिले चुकलेले आकडेही ती वहीत तसेच ठेवते आणि खाली कारण लिहिते. एवढे चार ओळींत लिहा. बुद्धी, चिकाटी आणि प्रामाणिकपणा या तिन्ही गोष्टी त्यात आल्या, आणि विशेषण एकही लागले नाही. वाचणाऱ्याला ती मुलगी समोर दिसू लागते.

हे विज्ञानातच जमते असे नाही. अर्थशास्त्राची एखादी विद्यार्थिनी आठवडाभर मंडईतील कांद्याचे भाव टिपून आणते, आणि पुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या रेषा प्रत्यक्षात अशा सरळ का पडत नाहीत, असे वर्गात विचारते. तेही लिहिण्याजोगे आहे. मात्र ती गोष्ट मुलगी जो विषय शिकावयास जाणार त्याच्याशी जोडून दाखवावी. ब्रिटनमध्ये मुलगी प्रथमपासूनच एका ठरावीक विषयासाठी अर्ज करते. तेथे तिच्या रांगोळीच्या बक्षिसापेक्षा त्या विषयातील तिची गती अधिक महत्त्वाची. अमेरिकेत माणूस म्हणून ती कशी आहे, हेही तितकेच विचारात घेतात.

येथे मी आपल्या मंडळाला विशेष जवळचा असा मुद्दा मांडते. मुलींसाठी आणि मुलांसाठी लिहिलेल्या शिफारसपत्रांत फरक पडतो काय, याचा अभ्यास झालेला आहे. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोन संशोधिकांनी अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकांच्या नेमणुकांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रे तपासून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती. त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक होती. आणि कर्तृत्वापेक्षा कष्टाळूपणाची स्तुती जास्त होती. पुढे २०१६ साली भूशास्त्रातील संशोधनवृत्तींसाठी ५४ देशांतून आलेल्या १,२२४ पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्त्री उमेदवाराला ‘चांगले’ याच्या वरचे, म्हणजे ‘उत्कृष्ट’ म्हणावे असे पत्र मिळण्याचा संभव पुरुषाच्या निम्माच आढळला. आणि लक्षात घ्या, पत्र लिहिणारी व्यक्ती स्त्री होती की पुरुष, यामुळे त्यात फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणजे हा दोष केवळ पुरुषांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही.

ही पत्रे प्राध्यापकांची व संशोधकांची होती, शाळकरी मुलींची नव्हेत, हे खरे. पण आपल्या शब्दांची सवय आपण पारखून घ्यावी, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो. मुलगा पहिला आला की तो ‘तल्लख’. मुलगी पहिली आली की ती ‘मेहनती’. मुलाने प्रश्न विचारला तर ‘चौकस’. मुलीने विचारला तर ‘धीट’. पत्र लिहून झाले, की एक साधी परीक्षा करावी. मुलीच्या नावाच्या जागी मुलाचे नाव घालून पत्र पुन्हा वाचावे. एखादे वाक्य विचित्र वाटू लागले, तर ते मुलीसाठीही नको होते असे समजावे. ‘शांत स्वभावाची’, ‘घरात सर्वांची लाडकी’ ही वाक्ये या परीक्षेत बहुधा गळून पडतात, आणि त्यांच्या जागी तिने केलेले काम लिहावयास जागा मोकळी होते.

आता परिस्थितीविषयी. युकासच्या पत्रात यासाठी स्वतंत्र भागच आहे, पण आपल्याकडे तो रिकामा सोडण्याची वृत्ती फार. घरची अडचण बाहेर कशाला सांगावयाची, असे आपले संस्कार. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात ज्या मुलींची घरे आणि पुस्तके पाण्यात गेली, २०२० च्या टाळेबंदीत तीन भावंडांत एका फोनवर ज्यांनी तास ऐकले, त्यांचे गुण आणि स्वतंत्र खोलीत बसून अभ्यास केलेल्या मुलीचे गुण सारखेच वाचावेत काय? अधिकाऱ्याला जे ठाऊक नाही, ते सांगणारा शिक्षकावाचून दुसरा कोणी नसतो. येथे दोन पथ्ये मात्र पाळावीत. मुलीला विचारल्याशिवाय तिच्या घरचे काही लिहू नये. विशेषतः आजार, आईवडिलांतील बेबनाव, पैशाची तंगी या गोष्टी सांगावयाच्या की नाही, हे तिने ठरवावे. दुसरे, दयेची याचना करू नये. काय घडले, किती काळ चालले, अभ्यासावर काय परिणाम झाला आणि तिने त्यातून मार्ग कसा काढला, एवढेच लिहावे.

परिस्थिती मांडणे म्हणजे कमीपणा घेणे नव्हे, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज लिहिला, तेव्हा प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करीत नाही हे त्यांनी लपविले नाही. आपण कोणता विरोध सोसून आलो आणि कशासाठी आलो, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. तो अर्ज त्यांचा स्वतःचा होता. आज त्यातील अर्धे काम शिक्षकाच्या पत्राने करावयाचे असते.

घरकामाविषयीही एक शब्द. धाकट्या भावाचा अभ्यास घेणारी, अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सारे करणारी, पहाटे डबे करून मग महाविद्यालयात येणारी मुलगी ‘इतर काही उपक्रम नाहीत’ असे लिहून मोकळी होते. कॉमन अ‍ॅप्लिकेशनच्या उपक्रमांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा प्रकार दिलेला आहे. ज्या कामाला आपण घरी काम म्हणत नाही, त्याची तेथे नोंद होते. मुलींना हे आवर्जून सांगा.

तसेच आपली संस्थाही ओळखून द्यावी. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य धरतात, हे लंडनला बसलेल्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही. वर्गात मुले किती, शिकविण्याची भाषा कोणती, मुलीच्या घरातून पूर्वी कोणी पदवीपर्यंत शिकले होते काय, हे थोडक्यात सांगितले म्हणजे गुणांना अर्थ येतो.

यावर कोणी म्हणेल, मग थोडे वाढवून लिहिले तर काय बिघडले? पुष्कळ बिघडते. १९४८ साली जॉन नॅश या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी त्याचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला दिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ते अवघ्या काही ओळींचे. मुलाचे नाव, वय, तो पदवीधर केव्हा होणार, आणि शेवटी, तो गणितातील अलौकिक बुद्धीचा आहे एवढेच. नॅश यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा शब्द खरा ठरला. पण डफिन स्वतः नामांकित गणिती होते. त्यांच्या एका वाक्याला वजन होते. आपले नाव तेथे कोणाला माहीत नसते, म्हणून आपल्या वाक्याला पुरावा जोडावा लागतो. आणि दरवर्षी पाच मुलींना ‘आजवरची सर्वोत्तम’ म्हटले, तर पुढच्या वर्षी खरोखरच्या सर्वोत्तम मुलीसाठी आपल्याजवळ शब्द उरत नाही. तुलना करावयाची तर मोजून करावी : ‘गेल्या दहा वर्षांत मी शिकविलेल्या मुलांपैकी पहिल्या पाचांत’ असे, तेही खरे असेल तरच. अमेरिकन तक्त्यात ‘सांगण्यास आधार नाही’ अशीही एक जागा ठेवलेली असते. जे पाहिले नाही तेथे खुशाल ती खूण करावी. त्याने बाकीच्या खुणांवरचा विश्वास वाढतो.

आता एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. ‘तूच लिहून आण, मी सही करीन,’ असे मुलीला सांगण्याची रीत आपल्याकडे फार पसरली आहे. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, इंग्रजीत लिहिण्याचा संकोच आहे, हे सारे मला मान्य आहे. तरी ही रीत सोडावयास हवी. एक तर ती खोटी साक्ष होते. पत्र शिक्षकाच्या नावाने, त्याच्याच ई-मेलवर आलेल्या दुव्यावरून जाते. दुसरे, यात संकोची मुलीचे नुकसान सर्वांत जास्त होते. आपण मुलींना लहानपणापासून शिकवितो की स्वतःची बढाई मारू नये. मग त्या स्वतःविषयी चार कोरडी वाक्ये लिहून आणतात, आणि धीट मुले चार पाने. हल्ली यंत्राकडून पत्र लिहवून घेण्याचीही सोय झाली आहे. यंत्र भाषा सफाईदार करील; पण त्या मुलीचा लंबक ९.६ का दाखवीत होता, हे ते सांगू शकणार नाही. ते फक्त आपणच पाहिलेले असते.

यावर उपाय साधे आहेत. शिक्षिकांनी एक वही ठेवावी. वर्गात काही ध्यानात राहण्यासारखे घडले, की तारीख घालून दोन ओळी मराठीत टिपाव्यात. दोन वर्षांनी पत्र लिहिताना स्मरणशक्तीला ताण पडत नाही. विद्यार्थिनीने पत्र मागताना सोबत एक कागद द्यावा : कोणत्या विषयासाठी अर्ज करीत आहे, का, तुमच्या तासाला कोणते काम केले होते, मुदत केव्हाची. कागद तिचा आणि पत्र आपले, ही सीमा सांभाळावी. इंग्रजी साधेच लिहावे. सोपी, शुद्ध वाक्ये कोणालाही कळतात.

आयांना आणि आज्यांना माझे सांगणे एवढेच. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचे पत्र मिळवून देतो, असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. नगरसेवकाने आपल्या मुलीला वर्गात पाहिलेले नसते. नातेवाइकांचे व स्नेह्यांचे पत्र युकास मान्यच करीत नाही. जिने मुलीला अलीकडे आणि जवळून शिकविले आहे तिच्याकडे जावे. त्या विषयात मुलीला कधी कमी गुण पडले असले तरी हरकत नाही. वेळेवर मागावे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीचे अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत पोहोचावे लागतात. अमेरिकेत लवकरच्या फेरीची मुदत बहुधा १ नोव्हेंबरची असते. तेव्हा गणपतीपूर्वीच विचारावे. दिवाळीच्या सुटीत शिक्षिकेच्या दाराशी धावपळ नको. आणि पत्र दाखवा असा आग्रह धरू नये. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने, प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला आपली कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. पण अर्ज करतानाच तो हक्क सोडून देता येतो आणि पुष्कळजण तो सोडतात, कारण त्यामुळे पत्र मोकळेपणाने लिहिले गेले असा विश्वास बसतो. ब्रिटनमध्ये मात्र विद्यार्थिनी आपल्याविषयीच्या पत्राची प्रत मागू शकते. म्हणून शिक्षिकेने तिच्या देखत वाचता येईल असेच लिहावे, हे उत्तम.

एखाद्या मुलीसाठी आपल्याला मनापासून चांगले लिहिता येणार नसेल, तर ‘दुसऱ्या बाईंना विचार, त्या तुला अधिक ओळखतात,’ असे वेळेवर सांगणे हाही तिच्यावर उपकारच होय. पुळचट पत्रापेक्षा स्पष्ट नकार बरा.

शेवटी मंडळाला एक सूचना करते. आपल्यात इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका आहेत, विज्ञानाच्या आहेत, बँकेत व कचेरीत पत्रव्यवहार सांभाळलेल्या भगिनी आहेत. दर वर्षी श्रावणात दोन शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत शिक्षिकांनी जमावे. मुलींची नावे झाकून आपापले कच्चे मसुदे एकमेकींना वाचून दाखवावेत. ऐकणारीने एकच प्रश्न विचारावा : ‘हे तुम्ही स्वतः पाहिले काय?’ ज्या वाक्याला ‘होय’ असे उत्तर येईल ते ठेवावे. बाकीची काढून टाकावीत. याला वर्गणी लागत नाही, फक्त चहा लागतो. ज्या मुलीच्या पाठीशी वशिला नाही आणि मोठे नाव नाही, तिच्या बाजूने बोलणारा कागद तेवढ्याने खरा आणि वजनदार होईल.